थंडीत लांब पळायचंय?

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे. तिथल्या असाहिकावा शहरात २५ जानेवारी १९०२ रोजी तापमान उणे ४१ अंशांपर्यंत उतरलं होतं. जपानमधला हा नीचांक अजून मोडलेला नाही! रोज एवढी थंडी नसते, पण जानेवारीच्या रात्री उणे १० नेहमीचंच.

तिथे लांब पल्ला पळायचा असेल, तर सुती बनियन घालू नकोस. सुती कापड घाम धरून ठेवतं. वेग कमी झाला की ओल्या अंगाला थंडी झोंबते. आत घाम लवकर सुकणारा पातळ कपडा, वर वारा अडवणारं जाकीट. निघताना थोडं कुडकुडायलाच हवं, कारण पळताना अंग तापतं. कानटोपी मात्र हवीच (आजी बरोबरच सांगते).

जाताना वारा समोरून घे, येताना पाठीवर. उलट केलंस, तर घामेजलेल्या अंगावर गार वारा येईल. आणि बोटं बधिर झाली, तर पळणं सोड, लगेच घरात जा.