मिरचीचे रोप आणि खताची मूठ

मिरची लावायची म्हटली की आधी रोप टाकावे लागते. कोणी याला तरवा टाकणे म्हणतात. पावसाळी मिरचीचे रोप मे-जूनमध्ये टाकतात. पाऊस झाला की ते उपटून शेतात लावतात.

रोपाचा वाफा लहानच असतो. पण साऱ्या वर्षाची मिरची त्यातून निघते. दोन-दोन फुटांवर लावली तर एका एकराला जवळजवळ 11 हजार रोपे लागतात. वाफ्यात एक चूक झाली, तर ती साऱ्या रानभर पसरते.

अशी चूक आमच्या हातून झाली. तीच आज सांगतो.

त्या वर्षी आमचे रोप चांगले उगवले. पण तीन आठवड्यांनी ते जरा पिवळट दिसू लागले. पाऊस जवळ आला होता. आम्हांला घाई झाली. आम्ही युरिया घेतला आणि मुठी भरभरून वाफ्यांवर फेकला. वाफे कोरडे होते. ऊन तापले होते.

दोन दिवसांत कुठे कुठे पाने करपली. ती रोपे गेली. उरलेली मात्र सरसर वाढली. हिरवीगार, लुसलुशीत! आम्ही खूश झालो. येणाराजाणारा म्हणे, "काय रोप आहे!"

पाऊस पडला. आम्ही लागण केली. चौथ्या दिवशी पाहतो तो निम्म्या रोपांनी माना टाकलेल्या. आम्ही बियाण्याला दोष दिला. पण शेजारच्या मावशींनी तेच बी पेरले होते. त्यांचे रोप आमच्याहून ठेंगणे होते, तरी एकूणएक उभे होते.

मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे बाबांनो, तान्ह्या पोराला कुणी पुरणपोळी चारतं का?"

आम्ही पुन्हा रोप विकत आणले. त्यासाठी उसने पैसे काढले. लागण पंधरा दिवस मागे पडली ती पडलीच.

असे का झाले?

कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. युरियाची मूठ कोवळ्या मुळांशी पडली की तसेच होते. मुळातले पाणी बाहेर ओढले जाते. रोप करपते.

दुसरी गोष्ट नत्राची. नत्र म्हणजे पानांची वाढ करणारे अन्न. 100 किलो युरियात 46 किलो नत्र असते. 100 किलो शेणखतात ते सुमारे अर्धा किलोच असते. म्हणजे 1 किलो युरियातले नत्र सुमारे 90 किलो शेणखताएवढे झाले! इतके नत्र मिळाले की रोप उंच होते, पण काडी मऊ राहते. असे रोप शेतातले ऊन-वारे सोसत नाही. मऊ पानांवर मावाही लवकर पडतो.

मग खत द्यायचे कसे?

वाफा उंच गादीचा करावा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच. म्हणजे पाणी साचत नाही. त्यात दोन-तीन घमेली शेणखत मिसळावे. खत पुरते कुजलेले हवे. ते ओळखायचे कसे? हातात घ्यावे. काळे, भुसभुशीत, वास नाही, ऊब नाही, तर ते कुजले. ताजे शेण घालू नये. त्याची धग रोपाला लागते. त्यातून तणाचे बी आणि हुमणीही येते.

बी उगवले की आधी दोन पाने दिसतात. ती बियातलीच असतात. बी आपली शिदोरी बरोबर घेऊन येते. तेव्हा वरचे खत मुळीच देऊ नये.

पुढे खरी पाने येतात. तशी तीन-चार पाने आली की रंग पाहावा. रंग हिरवा असेल तर काहीच देऊ नये. पिवळट असेल तर आधी वाफ्यात पाणी साचले का ते बघावे. साचल्या पाण्यानेही रोप पिवळे पडते. तिथे खत नको, पाणी काढून द्यायला हवे.

पाणी साचले नाही आणि रोप पिवळेच आहे, तर 20 ग्रॅम युरिया 10 लिटर पाण्यात विरघळवावा. युरिया तोलूनच घ्यावा, अंदाजाने नको. वाफा आधी ओला करावा. संध्याकाळी झारीने हे पाणी एका वाफ्याला द्यावे. मग साधे पाणी शिंपडून पाने धुवावीत. गरज वाटली तरच आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावे.

लागणीच्या आधी आठ दिवस खत बंद करावे. पाणीही हळूहळू कमी करावे. रोप थोडे सोसायला शिकते, काडी टणक होते. उपटायच्या आदल्या दिवशी मात्र वाफा चांगला भिजवावा. म्हणजे मुळे तुटत नाहीत.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होते. लागण संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी.

आता आम्ही हिरव्या रंगाला भुलत नाही. रोप वाकवून काडी पाहतो. काडी टणक, तर मिरची आपली!

प्रश्न
1. आमची रोपे लागणीनंतर का पडली?
2. शेणखत कुजले हे कसे ओळखाल?
3. तुमच्याकडे चार वाफे आहेत. सगळ्यांना एकदा द्यायला युरिया किती ग्रॅम आणि पाणी किती लिटर लागेल?
4. तुम्ही रोपाला खत कधी बंद करता? वर्गात सांगा.