आधी घर, मग बाकीचे



बेघराला मदत म्हटले की आपल्याला रात्रीपुरती खाट, गरम जेवण आणि पांघरूण आठवते. ही मदत हवीच. पण सकाळी तो माणूस पुन्हा रस्त्यावर असतो.

अनेक देशांत पूर्वी एक क्रम ठरलेला होता: आधी दारू सोडा, उपचार घ्या, मग घर मिळेल. ह्यात एक तर्कदोष आहे. ज्या गोष्टी घराशिवाय जमत नाहीत, त्याच घरासाठी अट म्हणून घातल्या होत्या. दाराला कडी नाही, औषध ठेवायला जागा नाही, अर्जावर लिहायला पत्ता नाही. मग माणूस सावरणार कसा?

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस ह्या मानसशास्त्रज्ञांनी हा क्रम उलटा केला: आधी घर, मग उपचार. २००८ पासून फिनलंडने हेच राष्ट्रीय धोरण केले. हेलसिंकीत मुक्तिफौजेच्या जुन्या निवाऱ्यात सुमारे २५० खाटा होत्या. २०१२ पर्यंत तिथे ८१ सदनिका झाल्या. भाडेकरार राहणाऱ्याच्या नावे, भाडे त्याने भरायचे, कमी पडल्यास सरकारी गृहभत्ता, आणि मदतनीस त्याच इमारतीत.

बेघरांची संख्या तिथे वर्षानुवर्षे घटत गेली. २०२४ मध्ये मात्र ती पुन्हा वाढली. म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही.

विचारासाठी: मदत करताना आपण कोणत्या अटी घालतो? त्या पूर्ण करण्याचे बळ समोरच्याकडे असते का? ह्या आठवड्यात आपण घरोघरी ह्यावर बोलू या.