यंत्र न कळणारा भागीदार कशाला?

प्रश्न: मी केमिकल इंजिनीअर आहे. कारखान्यांत वापरलेले सॉल्व्हंट शुद्ध करून परत मिळवण्याचं यंत्र मी बनवलं आहे. कॉमर्स शिकलेला मित्र सहसंस्थापक म्हणून हिस्सा मागतो. द्यावा का? – एक वाचक, बोईसर

उत्तर: तुमचं गिऱ्हाईक तारापूर एमआयडीसीतल्या औषध आणि रसायन कारखान्यांत आहे. तिथल्या सांडपाण्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्यामुळे यंत्र चाललं तरी मालक आधी विचारणार, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल लागेल का, पैसे किती दिवसांत वसूल होतील? या प्रश्नांची उत्तरं पटवून देणं, उधारी वसूल करणं हे पूर्णवेळ काम आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो सुरुवातीला खपेना. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी जाहिरात-विक्री सांभाळली आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केलं.

यासाठी पगारी विक्रेता पुरेल, असं तुम्ही म्हणाल. पण सुरुवातीला पगाराला पैसे नसतात आणि पहिल्या ग्राहकांच्या तक्रारींवरून यंत्रच बदलावं लागतं. तो निर्णय नोकर घेत नाही. मित्र मध्येच सोडून जाईल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून हिस्सा एकदम देऊ नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास काहीच मिळणार नाही, असा लेखी करार करा. त्याआधी त्याने एका कारखान्याकडून चाचणीची सशुल्क ऑर्डर आणावी. ती आणली, तर बरोबरीचा हिस्साही महाग नाही.