सार्वमत, बहुमत आणि समता : एक अभ्यास

लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य, ही व्याख्या आम्ही अनेक वर्षे नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहीत आलो आहोत. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. परंतु हे ‘लोक’ नेमके कोण, आणि ज्या समाजात माणसे जन्मतःच उच्च-नीच ठरविली जातात तेथे केवळ मते मोजून न्याय मिळतो काय, हा प्रश्न व्याख्येच्या बाहेरच राहतो.

तो प्रश्न आम्हांस एका विद्यार्थ्याने विचारला. वसतिगृहात सकाळी गरम पाणी घेण्याचा क्रम ठरविण्यासाठी आम्ही मुलांचे मतदान घेतले होते. वरच्या वर्गांतील मुले संख्येने अधिक. त्यांनी आपला क्रम आधी लावून घेतला. थंडीच्या दिवसांत पाचवीच्या मुलांच्या वाट्याला बंबात पाणीच उरेना. त्यांच्यातील एक जण म्हणाला, “गुरुजी, मत तर आम्ही पण दिलं होतं. मग पाणी आम्हालाच का नाही?” मतदान रीतसर झाले होते आणि ते घेणारेही आम्हीच होतो, तरी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते इतिहासात शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

महाड : ठराव झाला आणि फिरला

पाण्याचा आणि बहुमताचा संबंध आपल्या समाजाला नवा नाही. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठे, धर्मशाळा आदी स्थाने अस्पृश्य मानलेल्यांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाणी घेण्यास कोणी धजावेना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा कुठे तो ठराव जिवंत झाला.

पुढे जे घडले त्याकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. ही सनातन्यांची पंचायत नव्हती. कायद्याने स्थापन झालेली स्थानिक स्वराज्य संस्था होती. सभा भरली, ठराव मांडला गेला, तो मंजूर झाला. मात्र त्या काळी मताधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. ज्यांना पाणी नाकारले जात होते, त्यांचा आवाज त्या सभागृहात जवळजवळ नव्हताच. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जे सभेच्या बहुमताने हिरावले, ते मिळविण्यास जवळजवळ दहा वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली.

सार्वमत कोणाचे?

बहुमताचा हा अनुभव गाठीशी असताना बाबासाहेबांनी सार्वमताचा विचार केला. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, 1931 मध्ये, त्यांनी व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी सादर केलेले पूरक निवेदन या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. स्वतंत्र मतदारसंघ सोडून संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा स्वीकारावयाच्या झाल्यास त्यासाठी सार्वमत घ्यावे, असे त्यात म्हटले होते. परंतु त्यास अटी होत्या. विधिमंडळातील अस्पृश्यांच्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी मागणी केल्याविना ते होऊ नये. मताधिकार असलेल्या अस्पृश्यांचे निर्विवाद बहुमत त्यास मिळावे. आणि वीस वर्षे लोटून प्रौढ मताधिकार प्रस्थापित होईपर्यंत असे सार्वमत घेऊच नये.

या अटींत एक संपूर्ण राज्यशास्त्र सामावले आहे. ज्यांच्या हक्काचा प्रश्न, त्यांचेच मत निर्णायक. आणि दडपणाखालचा माणूस निर्भयपणे मत देण्याइतका सबळ होईपर्यंत त्यास कौल मागणे हा न्याय नव्हे.

सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्यातील वाटाघाटींतही सार्वमताची मुदत हाच अखेरचा तंटा ठरला. बाबासाहेब दहा वर्षांच्या मुदतीवर ठाम होते, गांधीजी पाच वर्षांवर. उपोषण चालू होते आणि देशभराचा दबाव एका माणसावर एकवटला होता. अखेरीस सार्वमताचे कलम वगळले गेले आणि राखीव जागांचा प्रश्न उभय समाजांच्या परस्परसंमतीवर सोपविण्यात आला. 24 सप्टेंबर रोजी पुणे करारावर सह्या झाल्या.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. स्वित्झर्लंड हे सार्वमताचे माहेरघर मानले जाते. तेथे स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार द्यावा काय, यावर 1959 मध्ये सार्वमत झाले. मत देणारे सारे पुरुष. सुमारे दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. मताधिकार मिळाला तो 1971 मध्ये. आपेन्झेल इनररोडन या छोट्या प्रांतातील पुरुषांच्या सभेने तर 1990 च्या एप्रिलमध्येही स्त्रियांना प्रांतिक मताधिकार नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयास तो द्यावा लागला.

धम्म आणि संविधान

बुद्धकालीन भिक्खू संघात मतभेद मिटविण्यासाठी शलाका वाटून बहुमत घेण्याची पद्धत होती, हे विनयपिटकावरून कळते. शलाका वाटणाऱ्याची निवडही कसोटी लावून होई. लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणते मत घेतले, कोणते नाही हे जाणणारा, अशाच भिक्खूकडे ते काम सोपवीत. क्षुल्लक बाबीवर, किंवा ज्यायोगे अधम्माचा पक्ष बहुसंख्य ठरेल वा संघात फूट पडेल अशा वेळी घेतलेले मत अयोग्य मानले जाई. म्हणजे बहुमत मान्य होते, पण ते धम्माच्या वर नव्हते.

आमच्या समजुतीप्रमाणे भारतीय संविधानाची रचनाही याच दिशेची आहे. कलम 326 ने स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब, साक्षर-निरक्षर असा भेद न करता प्रत्येक प्रौढाला मत दिले. त्याच वेळी कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. ती ठेवावी की नाही हे गावाच्या मतावर सोडले नाही. संविधानात सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला, तो संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यान्वये. आणि त्याचा विषय महाराष्ट्रातील विलीनीकरण हा होता, कोणाचे मूलभूत हक्क नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल.

आपले कर्तव्य

गरम पाण्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस उशिरा सापडले. पाचवी-सहावीच्या प्रत्येक मुलाला एक बादली गरम पाणी आधी मिळेल, हा नियम आम्ही मतदानाच्या कक्षेबाहेर काढला. उरलेल्यांचा क्रम मुलांनी मताने ठरविला. प्रथम मोठी मुले कुरकुरली. पुढील वर्षी त्यांच्यातीलच काहींनी लहानग्यांच्या बादल्या भरून देण्याची पाळी लावून घेतली.

आज आपले माजी विद्यार्थी ग्रामपंचायतींत, कार्यालयांत, संस्थांच्या कार्यकारिणींत बसतात. पालक ग्रामसभेला जातात. कित्येक ठिकाणी आता बहुमत आपल्याकडेही असते. अशा वेळी हात वर करण्यापूर्वी आपण तीन प्रश्न स्वतःस विचारावेत, अशी आमची विनंती आहे. या निर्णयाची झळ कोणाला बसणार? ते या सभेत हजर आहेत काय? आणि हजर असल्यास, न भिता बोलू शकतात काय? घरातील स्त्रिया, वस्तीतील भूमिहीन, आपल्याहून लहान समाजांतील माणसे यांच्याबाबतही हेच प्रश्न लागू आहेत. महाडला आपण सभागृहाच्या बाहेर उभे होतो. आता आत बसलो असताना दाराबाहेर कोण उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.