पट्ट्यावरची गाळाची रेघ

ज्या मनुष्याची ३१ वर्षे खालापूरच्या कचेरीत फेरफार, बोजे आणि वारसनोंदी तपासण्यात गेली, त्याला एका जुन्या गाडीच्या व्यवहारात कोणी फसवील, असे निदान मला तरी वाटले नव्हते. आणि ज्याने फसवले त्याच्याविषयीचा संताप अद्याप शमलेला नसतानाच मी हे लिहावयास बसलो आहे. कागदपत्रे न पाहताच मी गाडी घेतली, असा जो बोल आमच्या आप्तांनी मला लावला, तो सर्वथा खोटा आहे. आरसी बुकावरील चेसिस नंबर मी गाडीवरील आकड्यांशी स्वतः रुजू घातला होता, बँकेचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म पाहिला होता, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवरील मूळ मालकाच्या सह्या ताडून घेतल्या होत्या. एकही कागद खोटा नव्हता.

२०२२ च्या माघी चतुर्थीच्या सुमारास, पनवेल–खोपोली रस्त्यावरील एका विक्रेत्याकडून, २०१४ सालची सात आसनांची डिझेल गाडी मी ३ लाख ८५ हजारांना घेतली. दोष बनावटीचा नव्हता, म्हणून तिचे नाव घेत नाही. एकच मालक, एमएच ०६ पासिंग, रंग आरशासारखा. विक्रेता जेमतेम तिशीचा, वाणीने अत्यंत मधुर. त्याने दोनदा चहा मागवला, ‘काका, घरचीच गाडी समजा’ असे म्हणाला, आणि माझ्या वृद्ध मातोश्रींनी चाकाला हळदकुंकू लावले तेव्हा नारळ त्याने आपल्या हाताने फोडला. तेथून आम्ही सरळ महडास वरदविनायकाच्या दर्शनास गेलो. त्या नारळाची आठवण मला अजून सोडीत नाही. कारण ते कुंकू कोणत्या चाकाला लागत आहे, हे त्या क्षणी तेथे त्या एकट्यालाच ठाऊक होते.

जूनच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस लागल्यावर, एसी सुरू करताच उपसलेल्या विहिरीसारखा वास येऊ लागला. पावसाळी दमटपणा असेल, असे आम्ही मानले. पुढल्या आठवड्यात मुलीकडे पुण्यास निघालो असता, बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने शिंग्रोबाचे देऊळ मागे टाकून वर चढत असताना, प्रथम वायपर थांबले, मग दिवे गेले, आणि कोणी हात न लावता हॉर्न वाजू लागला, तो काही केल्या थांबेना. मागच्या आसनावर मातोश्री आणि दोन नातवंडे, बाहेर मुसळधार पाऊस, आणि अंधारात ट्रक अगदी कडेला घासून जात होते. दोन तासांनी एका टेम्पोवाल्याने टोचन करून गाडी खोपोलीस आणली.

तेथील मिस्त्री माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने बॉनेट उघडलेच नाही. तो सरळ मागच्या आसनाकडे गेला, तेथील सीटबेल्ट हाती घेतला आणि ओढू लागला. हातभर आला, दोन हात आला, तरी तो ओढीतच राहिला. नेहमीच्या वापरात जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा काळाभोर, स्वच्छ होता. परंतु त्याच्या पलीकडचा जो भाग सदैव गुंडाळीतच राहतो आणि जेथवर गाडी धुणाऱ्याचा हात कधी पोहोचत नाही, तो मातकट निघाला, आणि जेथे काळा रंग संपून मातकट सुरू होत होता, तेथे फूटपट्टीने आखावी तशी एक रेघ होती. मी बोट फिरवले. मैद्यासारखा बारीक गाळ बोटाला लागला. “भाऊसाहेब, ही पाण्यात बुडलेली गाडी आहे,” एवढेच तो म्हणाला. मग त्याने पायाखालचे मॅटिंग उचलले, वायरिंगचे कपलर सोडवून दाखवले. आतील तांबे कल्हई गेलेल्या भांड्यासारखे कळकून हिरवे पडले होते.

त्या रात्री फाईल पुन्हा उघडली. आरसी बुकावर मूळ मालकाचा पत्ता होता: तालुका महाड. ज्या दिवशी तळियेवर दरड कोसळली, त्याच दिवशी, २२ जुलै २०२१ ला, सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले; अवघ्या जिल्ह्याने ते पाहिले, आणि सहा महिन्यांनी तोच पत्ता मी वाचला तो केवळ सही जुळते की नाही हे पाहण्यासाठी. विम्याची पॉलिसी ऑक्टोबर २०२१ ची. तीत ‘नो क्लेम बोनस’च्या रकान्यात शून्य होते. ज्याने विम्याची भरपाई मागितली नाही, त्याला पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के सवलत मिळते. तेव्हा सात वर्षे एकाच मालकाकडे राहिलेल्या गाडीला शून्य, याचा अर्थ विम्यात खंड तरी पडला किंवा आदल्या वर्षी भरपाई तरी घेतली गेली. विम्यात खंड नव्हता. कागदांनी मला सर्व काही सांगितले होते. ते खरे आहेत की नाहीत एवढेच मी तपासले, ते काय सांगत आहेत हे विचारले नाही.

मी फाईल घेऊन विक्रेत्याकडे गेलो. तो खुर्चीवरून उठला नाही. मी पट्ट्याची हकिगत सांगत असता तो भ्रमणध्वनीत पाहत होता, आणि माझे बोलणे संपल्यावर त्याने ताबेपावतीची प्रत काढून ‘जशी आहे तशी’ या शब्दांवर बोट ठेवले. “काका, पाहूनच घेतली ना? ही सही कुणाची?” गाडी पुराची आहे, हे त्याने नाकारलेही नाही. नाकारले असते तर मला त्याचा इतका संताप आला नसता.

म्हणून ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांना सांगतो. प्रत्येक आसनाचा पट्टा अखेरपर्यंत ओढा, मागचे दोन तर अवश्य. स्टेपनीची जागा आणि आसनांच्या रुळांवरील स्क्रू पाहा. वरून रंग दिलेला असला तरी स्क्रूच्या खाचेतला गंज लपत नाही. चालू पॉलिसीबरोबर आदल्या वर्षाचीही मागा आणि पॉलिसी नंबरावरून कंपनीकडे क्लेमची चौकशी करा. गाडी सकाळी इंजिन थंड असताना सुरू करवून घ्या, आणि सपाट रस्त्यावर नव्हे, खोपोलीच्या घाटात चालवून पाहा. घाई करू नये. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. पूरग्रस्त गाडी नाही, हे वाक्य विक्रेत्याच्या हस्ताक्षरात लिहवून घ्या. लिहिण्यास तो कचरला तर तेथून उठा. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे, तेही पाहावयास मागा. आणि फसलातच तर गप्प बसू नका: अलिबागच्या ग्राहक आयोगापुढे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही लागत नाही. मी ती केली आहे, आणि वायरिंगला गेलेल्या ६२ हजारांच्या पावत्या जोडल्या आहेत.

परवा कडावच्या एका स्नेह्यांबरोबर चौकजवळ एक गाडी पाहावयास गेलो. रंग छान, मालक एकच, किंमत चार लाख. मी मागच्या दाराने आत शिरून पट्टा ओढला. तो अखेरपर्यंत काळाच निघाला. मग आदल्या वर्षाची पॉलिसी मागितली. विक्रेता म्हणाला, “ती कशाला हवी, काका? चालूची आहे ना!” माझ्या स्नेह्यांनी इसाराचे दहा हजार खिशातून काढले होते. ते त्यांनी परत खिशात ठेवले, आणि आम्ही रस्ता ओलांडून कर्जतच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो.