यंत्रविद्या आणि ग्रामसेवा

आपल्या व्यापारी घराण्यांतील अनेक तरुण आज अभियंते व संगणकतज्ज्ञ झाले आहेत. त्यांच्या विद्येचा लाभ पेढीस व नोकरीस होतोच. परंतु ग्रामपंचायत व नगरपालिका यांसही तो व्हावा काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पहिले उदाहरण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. पुण्यास अभियांत्रिकी शिकून ते १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे सिंधमधील सक्कर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांजकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ. ते गाळण्याचे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदविली. वाळूतून झिरपणारे पाणी आपोआप स्वच्छ होऊन मिळू लागले. विद्या नगरपालिकेच्या ऐपतीस मानवेल अशी वापरली, हे या कामाचे मर्म होय.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातील. धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. गावोगावच्या केंद्रांत सुशिक्षित तरुण संगणक चालवीत. अल्प शुल्कात शेतकऱ्यास मंडीतील धान्याचे भाव कळत, जमिनीचा उतारा मिळे, तक्रारही पाठविता येई. भाव आधीच जाणणारा शेतकरी दारी आला, तर आपणां धान्यव्यापाऱ्यांचा नफा घटेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु चोख वजन व चोख भाव देणाऱ्या पेढीस भिण्याचे कारण काय? उलट तिची पतच वाढते. पुढे वीज व दूरध्वनी यांच्या अडचणी केंद्रांस जाचू लागल्या. यंत्र बसविणे सोपे. ते चालते ठेवणे अवघड, हा त्यातील बोध.

पंचायतींस २४ एप्रिल १९९३ पासून घटनेचा आधार आहे. वयाची २१ वर्षे पुरी झालेल्यास निवडणुकीस उभे राहता येते. निवडून न येताही ग्रामसभेत हिशेबाविषयी विचारता येते. ज्या हट्ट्यात पूर्वजांनी पाण्यासाठी एवढी भव्य बावडी बांधली, तेथे नळाच्या आराखड्याकडे जाणत्या नजरेने पाहणारा तरुण हवाच. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे : ज्या ठेक्यात आपल्या पेढीचा संबंध असेल, त्याच्या निर्णयापासून दूर राहावे. पेढीचा व पंचायतीचा जमाखर्च एका वहीत येता कामा नये.

आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने आपण जाणतो. पैकी ज्ञानदान केवळ ग्रंथांनीच होते असे नाही. शिकलेल्या मुलाची दोन वर्षे गावास देणे, हेही ज्ञानदानच होय. वडीलधाऱ्यांनी त्यास आनंदाने अनुमती द्यावी, ही विनंती.