रंगात पाणी किती घालावे?
(इयत्ता ७ वी)

प्लॅस्टिकच्या छोट्या विमानाला ॲक्रिलिक रंग डबीतून काढून तसाच फासायचा नसतो. का, ते गणिताने सांगतो. 'नॅट' हे विमान आपल्या हवाई दलाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरले. खरे नॅट सुमारे ९ मीटर लांब. १:७२ प्रमाणाची प्रतिकृती म्हणजे ९०० भागिले ७२, साडेबारा सेंटिमीटर. तिच्यावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर बसला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरचा लेप झाला! पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा त्यात बुजून जातात. आपल्या गावचे एक आजोबा हवाई दलात मेकॅनिक होते. ते प्रदर्शनाला येणार आहेत, आणि त्यांची नजर आधी रेघांवरच जाईल.

माझे मामा अशी विमाने करतात. ते म्हणतात, ब्रशने लावायचा रंग म्हशीच्या दुधासारखा हवा. दोन थेंब रंग, एक थेंब पाणी, इथून सुरुवात करावी. पहिल्या हातात खालचे प्लॅस्टिक दिसतेच. घाबरू नये. वाळू द्यावे आणि दुसरा, तिसरा हात द्यावा.

एअरब्रश म्हणजे हवेने रंग फवारणारे पेन. त्याचे भोक जेमतेम ०.३ मिलिमीटर. त्याला पाणी घातलेल्या गाईच्या दुधासारखा रंग लागतो (डेअरीवाले परत पाठवतील तसा!). हवेचा दाब १५ ते २० पौंड पुरतो; मोटारच्या टायरात ३० च्या आसपास असतो. तोंडाला मास्क बांधावा.

मग नुसते पाणीच का ओतू नये? ॲक्रिलिकमध्ये रंगाची पूड आणि चिकट पदार्थाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. पाणी फार झाले तर कण विरळ पडतात, रंग कोपऱ्यात साचतो आणि बोटाने निघतो. म्हणून जास्त पातळ करायला त्याच कंपनीचे थिनर घ्यावे. तामिया या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिकला स्पिरिट चालते, पण वायेहोच्या पाण्यातल्या रंगात ते घातले तर रंग नासक्या दुधासारखा फाटतो. बोअरचे पाणी क्षाराचे असते, त्यापेक्षा बॅटरीत घालायचे पाणी बरे.

ब्रश लगेच धुवावा. एकदा वाळलेला रंग पाण्याला दाद देत नाही.

आपल्याकडे करड्या रंगाची डबी एकच आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर पहिला हात देणार. बघायला या, पण टेबल हलवू नका.